सूक्ष्मदर्शकावरचे कापड काढा

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे तालुक्याच्या गावांतसुद्धा रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळा भरपूर झाल्या. बसस्थानकापासून बाजारापर्यंत चालत गेले तर दोन-चार पाट्या सहज दिसतात. आत रक्तपेशी मोजणारे यंत्र असते, साखर मोजणारे यंत्र असते, छापील रिपोर्ट देणारा संगणक असतो. आणि एका कोपऱ्यात कापडाखाली झाकून ठेवलेला सूक्ष्मदर्शक असतो. यंत्रे आली हे चांगलेच झाले, त्यांनी माझ्यासारख्या डॉक्टरचे काम हलके केले. परंतु त्या कापडाखालच्या वस्तूकडे आपले दुर्लक्ष होत आहे आणि त्याची किंमत पेशंट मोजतो आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आजचा लेख त्याविषयी.

माणसाच्या शरीरात राहून त्याच्याच रक्तावर किंवा अन्नावर पोसल्या जाणाऱ्या जीवांना परोपजीवी म्हणतात. त्यांत ढोबळमानाने दोन प्रकार. काही एकाच पेशीचे असतात, उदाहरणार्थ हिवतापाचा जंतू, आव पाडणारा अमीबा, जिआर्डिया. दुसरे कृमी, म्हणजे पोटातले जंत, अंकुशकृमी, पट्टकृमी, हत्तीरोगाचे कृमी. यांतले बहुतेक ओळखण्याची मूळ रीत शंभर वर्षांहून अधिक काळ तीच आहे. नमुना काचेवर घ्यायचा, लागेल तसा रंग द्यायचा, भिंगाखाली ठेवायचा आणि माणसाने डोळ्यांनी पाहायचे. ‘पाहायचे’ हा शब्द फार सोपा वाटतो, पण ते शिकावे लागते.

किती शिकावे लागते याचे एक उदाहरण देतो. डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू शोधून काढणारे रोनाल्ड रॉस आपल्याच देशात अल्मोड्याला १८५७ साली जन्मले. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला त्यांना तो शोध लागला आणि १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु त्याआधी काही वर्षे याच रॉससाहेबांना माणसाच्या रक्तातला हिवतापाचा जंतू काही केल्या दिसत नव्हता. फ्रेंच डॉक्टर लॅव्हरान यांनी तो १८८० साली अल्जीरियात पाहिला होता, पण रॉसना ते सारे शंकास्पद वाटे. शेवटी १८९४ साली लंडनमध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी त्यांना शेजारी बसवून काचेवर तो जंतू दाखवला आणि रॉसचे डोळे उघडले. पुढे नोबेल मिळवणाऱ्या माणसालाही आधी कुणीतरी दाखवावे लागले. मग दोन वर्षांचा अभ्यासक्रम संपवून प्रयोगशाळेत बसलेल्या मुलाला किंवा मुलीला ते कुणी दाखवले नसेल, तर त्यांना दोष कसा द्यायचा?

प्रथम हिवतापाचे पाहू. आपल्या झाडीपट्टीत हा आजार नवा नाही. थंडी वाजून ताप आला की लोक स्वतःच ‘मलेरिया असंल’ म्हणतात. पण हिवताप आहे एवढे कळून भागत नाही, कोणता आहे तेही कळावे लागते. आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार आढळतात. फॅल्सिपॅरम हा जिवावर उठणारा. तो मेंदूत जातो, मूत्रपिंडे बंद पाडतो, गरोदर बाईला आणि लहान मुलाला फार लवकर घेरतो. त्याला आर्टेमिसिनिन गटातली संयुक्त औषधे लागतात. व्हायवॅक्स त्यामानाने सौम्य, पण चिवट. त्याचे काही जंतू यकृतात दडी मारून बसतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ताप परत आणतात. म्हणून त्याला क्लोरोक्विनबरोबर साधारण १४ दिवस प्रायमाक्विन द्यावे लागते. तेही गरोदर बाईला आणि तान्ह्या मुलाला देत नाहीत, आणि काहींच्या रक्तात एक विशिष्ट दोष असला तर ते औषधच त्रास करते. आता सांगा, नाव चुकले तर उपचार चुकणार की नाही?

काच करण्याची रीत आपल्या गावोगावच्या आरोग्यसेवकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळली आहे. बोटाला सुई टोचायची, एकाच काचेवर एक जाड आणि एक पातळ लेप करायचा. जाड लेपात रक्त जास्त मावते, म्हणून जंतू थोडे असले तरी सापडतात. पातळ लेपात तांबड्या पेशी एकेकट्या पसरतात, म्हणून जंतूचा चेहरा नीट दिसतो. त्यावर जो जे. एस. बी. नावाचा रंग वापरतात, तो १९४४ साली आपल्याच देशातल्या जसवंतसिंग आणि भट्टाचारजी यांनी तयार केला. तो स्वस्त, लवकर होणारा आणि आपल्या हवेत टिकणारा आहे.

मग पाहणारा काय पाहतो? व्हायवॅक्सने धरलेली तांबडी पेशी फुगते आणि तिच्यावर बारीक ठिपके दिसतात. फॅल्सिपॅरममध्ये पेशी फुगत नाही. आत नाजूक अंगठीसारखे जंतू दिसतात, कधी एका पेशीत दोन-दोन, आणि काही दिवसांनी केळ्याच्या आकाराचे. वाचायला किती सोपे! पण प्रत्यक्षात रंगाचा गाळ काचेवर बसला तर तोही जंतूसारखा दिसतो. रक्तातली एखादी बिंबिका तांबड्या पेशीवर येऊन बसली तर हुबेहूब जंतू वाटतो. काच धुळकट असेल, रंग शिळा असेल, लेप घाईत वाळवला असेल, तर दिसायचे तेही दिसत नाही. आणि ‘जंतू नाही’ असे लिहिण्याआधी जाड लेपाची निदान शंभर क्षेत्रे तेलाच्या भिंगाखाली पाहायची असतात. त्याला वेळ लागतो. दोन मिनिटांत दिलेला ‘निगेटिव्ह’ हा रिपोर्ट नव्हे, तो अंदाज.

येथे कुणी म्हणेल, ‘डॉक्टरसाहेब, आता किट आले. आशाताई घरी येऊन पंधरा-वीस मिनिटांत सांगते. काचा घासत कशाला बसायचे?’ प्रश्न रास्त आहे. किटने फार मोठे काम केले आहे. जंगलातल्या टोल्यावर, जेथून दवाखाना दिवसभराच्या वाटेवर आहे, तेथे त्या पट्टीने जीव वाचवले आहेत. मी किटच्या विरोधात मुळीच नाही. पण किटला काय येत नाही तेही जाणून घ्यावे. रक्तात किती जंतू आहेत हे किट सांगत नाही. फॅल्सिपॅरम बरा झाल्यावरही काही आठवडे पट्टीवर रेघ उमटू शकते, त्यामुळे ताप परत आला तर जुना की नवा हे कळत नाही. जंतू अगदी थोडे असतील तर रेघ येतही नाही. आणि उपचार लागू पडतो आहे का, जंतू कमी होत आहेत का, हे काचेवरच दिसते. किट म्हणजे दारावरचा राखणदार. घरात काय चालले आहे ते पाहायला आत जावेच लागते.

याहून एक अवघड गोष्ट आहे. २०३० पर्यंत हिवतापाचे उच्चाटन करायचे असे देशाचे उद्दिष्ट आहे. रुग्ण जसे कमी होतील तशा जंतू असलेल्या काचाही कमी होतील. आनंदाचीच गोष्ट. पण ज्या तंत्रज्ञाने वर्षभरात एकही जंतू पाहिला नाही, त्याला वर्षाअखेरीस आलेला एकुलता एक जंतू ओळखू येईल का? पोहणे विसरत नाही म्हणतात, पण नजर विसरते. रोग जवळजवळ संपत आला की त्या वेळी उरलेला प्रत्येक रुग्ण शोधणे सर्वांत महत्त्वाचे असते, आणि नेमक्या त्याच वेळी शोधणारे डोळे सवय मोडून बसलेले असतात. याचा विचार आजच व्हायला हवा.

आता जरा नाक मुरडण्याच्या विषयाकडे वळू. रक्ताची तपासणी लोक आनंदाने करतात, पण शौचाची तपासणी सांगितली की पेशंटचा चेहरा पडतो. ‘त्यापेक्षा गोळीच द्या ना साहेब,’ हे वाक्य मी आठवड्यातून कितीतरी वेळा ऐकतो. प्रयोगशाळेतही या डबीकडे कुणी प्रेमाने पाहत नाही. परिणाम असा की हा रिपोर्ट सर्वांत निष्काळजीपणे दिला जातो.

अमीबाचे उदाहरण घ्या. आपल्याकडे पोटात जरा मुरडा आला की ‘अमीबा झाला’ म्हणतात. वर्षानुवर्षे ‘जुना अमीबा’ पोटात बाळगून, दर महिन्याला कडू गोळ्या खाणारी माणसे प्रत्येक गावात आहेत. त्यांच्या फायलीत ‘अमीबाच्या पुट्या आढळल्या’ असे चार-पाच रिपोर्ट असतात. आता यातली मेख सांगतो. आव पाडणाऱ्या अमीबाचा एक निरुपद्रवी भाऊ आहे. भिंगाखाली दोघांच्या पुट्या अगदी सारख्या दिसतात. ते दोन वेगळे जीव आहेत हे १९९३ साली शास्त्रज्ञांनी पक्के केले. आणखी एक चुलत भाऊ आहे, त्याच्या पिकलेल्या पुटीत चारऐवजी आठ केंद्रके असतात, तोही निरुपद्रवी. शिवाय शौचातल्या पू-पेशी आणि इतर मोठ्या पेशी नवख्या डोळ्याला अमीबासारख्या वाटतात. म्हणून जाणता तंत्रज्ञ केंद्रके मोजतो, पुटीची लांबी-रुंदी मोजतो आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ताज्या, कोमट शौचात सरपटणारा, तांबड्या पेशी गिळलेला अमीबा दिसतो का हे पाहतो. तसा दिसला तर तो खरा गुन्हेगार. शौच होऊन अर्ध्या तासात पाहिले नाही तर त्याची हालचाल थांबते आणि मग ओळख पटणे कठीण.

बाकीच्या गमतीही ऐका. भाजीपाल्याचे केस कृमीच्या अळीसारखे दिसतात. फुलांचे परागकण अंड्यांसारखे दिसतात. हवेचा बुडबुडा आणि तेलाचा थेंब तर नवशिक्यांना हमखास फसवतात. अंकुशकृमीची अंडी असलेला नमुना दिवसभर तसाच ठेवला तर अंडी फुटून अळ्या बाहेर येतात आणि त्या दुसऱ्याच एका कृमीच्या समजल्या जातात. तो दुसरा कृमी, स्ट्राँगिलॉइड्स, किरकोळ नव्हे. ज्याच्या पोटात तो आहे अशा माणसाला दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या, तर तो शरीरभर पसरून जीव घेऊ शकतो. म्हणजे ओळखण्यातला फरक येथे जीवन-मरणाचा ठरतो.

‘पण शाळेत जंतनाशक गोळी देतातच की!’ असेही कुणी म्हणेल. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून पाळला जातो आणि १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल दिले जाते. फार चांगला कार्यक्रम आहे, आपली मुले त्या दिवशी घरी ठेवू नका. पण ती गोळी सर्व कृमींवर सारखी चालत नाही, आणि जिआर्डियासारख्या जंतूला तर त्या एका गोळीने काही होत नाही. शिवाय रोवणीच्या दिवसांत अनवाणी बांधीत उभ्या राहणाऱ्या पस्तिशीच्या बाईला ती गोळी कोण देतो? अंकुशकृमीची अळी पायाच्या कातडीतून आत शिरते, आतड्याला चिकटून थोडे थोडे रक्त पीत राहते. बाई पांढरीफटक पडते, धाप लागते. तिला लोहाच्या गोळ्या दिल्या जातात, सलाइन लावले जाते, ‘अशक्तपणा आहे’ म्हणून घरी पाठवले जाते. शौचाची एक काच तिचे सारे दुखणे सांगू शकते.

कधी, कुठला आणि कसा नमुना घ्यायचा हेही त्या शिकण्यातच येते. लहान मुलांच्या शौचाच्या जागी रात्री खाज आणणाऱ्या सुतासारख्या बारीक कृमींची अंडी शौचात सहसा सापडत नाहीत. सकाळी उठल्याबरोबर, शौचाला जाण्याआधी त्या जागी पारदर्शक चिकटपट्टी लावून ती काचेवर चिकटवली की अंडी दिसतात. हत्तीरोगाच्या कृमीची पिले तर रात्रीची हिंडणारी. दिवसा रक्त घेतले तर बहुधा काहीच दिसत नाही, रात्री १० ते २ या वेळात घेतलेल्या रक्तात ती वळवळताना दिसतात. हत्तीरोगासाठी आता दिवसाही चालणारी पट्टी निघाली आहे, पण पिले रक्तात फिरत आहेत की नाहीत याची खात्री रात्रीच्या काचेनेच होते.

लक्ष देऊन पाहिल्याने काय सापडते याचे एक उदाहरण आपल्या राज्यातलेच आहे. शिस्टोसोमा नावाचा कृमी लघवीवाटे रक्त पाडतो. तो आफ्रिकेतला आजार, भारतात नाही, असा समज होता. पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी या गावी लोकांच्या लघवीत एका टोकाला काटा असलेली त्याची अंडी सापडली आणि १९५२ साली गाडगीळ व शहा या संशोधकांनी ते प्रसिद्ध केले. ‘असे आपल्याकडे नसते’ म्हणून काच बाजूला सारली असती तर ती अंडी तशीच वाहून गेली असती.

मी स्वतः हे थोडेफार कसे शिकलो ते सांगतो. कॉलेजात आम्ही परोपजीवी पुस्तकातून पाठ केले, परीक्षेला ठरलेल्या काचा ओळखल्या आणि पास झालो. खरे शिक्षण प्राथमिक आरोग्य केंद्रात झाले. तिथले प्रयोगशाळा तंत्रज्ञ माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. मी त्यांना भाऊ म्हणे, ते मला साहेब म्हणत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बजावले, ‘साहेब, आधी निरोगी रक्ताच्या पन्नास काचा पाहा. निरोगी काय ते डोळ्यांत बसलं, की रोग आपोआप खुपतो.’ दुपारी ओपीडी संपली की मी त्यांच्या स्टुलावर बसे. ते दिसेल ते वहीत पेन्सिलीने काढायला लावत. चित्र काढताना माणूस नीट पाहतो, हे मला तेव्हा कळले. काही काचांवरचे नाव झाकून ते मला ओळखायला देत आणि नंतर बरोबर काय ते दाखवत. एवढीच त्यांची शाळा. फी नाही, प्रमाणपत्र नाही.

अशी शाळा प्रत्येक जिल्ह्यात असावी, हेच माझे म्हणणे आहे. त्यासाठी कोट्यवधी रुपये लागत नाहीत. पहिली गोष्ट, जिल्हा रुग्णालयात खात्रीच्या काचांचा संग्रह हवा. त्यात हिवतापाचे दोन्ही प्रकार, हत्तीरोगाची पिले, निरनिराळ्या कृमींची अंडी असावीत, आणि फसवणाऱ्या गोष्टीही असाव्यात. दुसरी, सरकारी आणि खासगी अशा सर्व तंत्रज्ञांना दर काही महिन्यांनी एक दिवस तेथे बसवून नावे झाकलेल्या काचा ओळखायला द्याव्यात. चुकणाऱ्याला शिक्षा नको, पुन्हा दाखवणे हवे. तिसरी, सरकारी कार्यक्रमात काचांची फेरतपासणी होते, तशी सोय खासगी प्रयोगशाळांनीही आपसांत करावी. शंका असलेल्या काचेचा फोटो आता मोबाइल भिंगाला लावूनही काढता येतो आणि जाणकाराकडे क्षणात पाठवता येतो. चौथी गोष्ट आम्हा डॉक्टरांसाठी. चिठ्ठीवर नुसते ‘शौच तपासणी’ लिहून चालत नाही. किती दिवसांपासून त्रास, रक्त पडते का, पेशंट कुठे जाऊन आला, हे दोन ओळींत लिहिले तर पाहणाऱ्याला काय शोधायचे ते कळते.

काही जण म्हणतात की लवकरच संगणकच काच पाहून निदान करील. करू द्या, मला आनंदच आहे. पण त्या संगणकालाही शिकवण्यासाठी जाणत्या डोळ्यांनी ओळखलेल्या हजारो काचा लागतात. आणि वाईट लेप केलेली, गाळ साचलेली काच त्याच्यापुढे ठेवली तर तो तरी काय करणार?

वाचकहो, यात तुमचाही वाटा आहे. शौचाचा नमुना कोरड्या, स्वच्छ, रुंद तोंडाच्या डबीत द्या, त्यात लघवी किंवा पाणी मिसळू देऊ नका. औषधे सुरू करण्याआधी द्या आणि लवकर पोहोचवा. एका तपासणीत काही निघाले नाही तर वेगवेगळ्या दिवशी तीनदा द्यायला कंटाळू नका, कारण अंडी आणि पुट्या रोज पडतातच असे नाही. तापात काच निगेटिव्ह आली आणि ताप उतरला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त द्या. आणि रिपोर्ट हातात आला की तंत्रज्ञाला नम्रपणे एक प्रश्न विचारा, ‘भाऊ, भिंगाखाली पाहिलं ना?’ विचारणारे वाढले की कोपऱ्यातल्या त्या सूक्ष्मदर्शकावरचे कापड आपोआप निघेल.